मेंदूवरचा दुसरा घाव

लकवा झालेल्या माणसाचे नातेवाईक वॉर्डात डॉक्टरांना एक प्रश्न हमखास विचारतात. ‘आणलं तेव्हा बोलत होते, आम्हाला ओळखत होते. औषधं चालू आहेत, मग तिसऱ्या दिवशी एवढे गुंगीत कसे गेले?’ या प्रश्नामागे बहुतेकदा उपचारांविषयीची शंका असते. कधी तिला कारणही असतं. पण पुष्कळदा बिघाडाचं मूळ मेंदूतच चाललेल्या एका प्रक्रियेत असतं. रक्तपुरवठा तुटला की काही पेशी मिनिटांत मरतात. हा पहिला घाव. त्यानंतर कित्येक तास, कित्येक दिवस आसपासच्या पेशी मरत राहतात आणि मरताना भोवती दाह पसरवत जातात. हा दुसरा घाव.

या दुसऱ्या घावाला नेमकं रोखणारं आणि माणसांवरच्या चाचण्यांत खरं उतरलेलं औषध आज पक्षाघातासाठी मिळत नाही. पण त्याचा पसारा कमी ठेवणं बऱ्याच अंशी हातातलं आहे. त्यातलं काही रुग्णालयाच्या हातात असतं, काही घरच्यांच्या. ते करता यावं आणि ‘मेंदूची सूज उतरवणाऱ्या’ भलत्या गोष्टींवर पैसा जाऊ नये, यासाठी हा लेख आहे.

पेशी फुटते तेव्हा

पेशी मरणं ही शरीरातली रोजची गोष्ट आहे. केर, वायली आणि करी या तिघांनी १९७२ मध्ये एका शिस्तशीर पेशीमृत्यूचं वर्णन केलं आणि त्याला अ‍ॅपॉप्टोसिस हे नाव दिलं. जुना वाडा उतरवताना कौलं, वासे, तुळया एकेक करून काढतात आणि शेजारच्या भिंतीला धक्का लागू देत नाहीत, तसा हा प्रकार. पेशी आक्रसते, तिचे बारीक तुकडे होतात, भक्षक पेशी ते गिळून टाकतात. दाह होत नाही. पायरॉप्टोसिस आणि नेक्रॉप्टोसिस या दोन प्रकारांत मात्र पेशी फुगून फुटते आणि आतलं सगळं बाहेर सांडतं. सांडलेल्या त्या द्रव्यांमुळे शेजारच्या पेशींनाही धोक्याचा इशारा मिळतो, आणि त्यांतल्या काही त्याच वाटेनं जातात.

पायरॉप्टोसिस जरा जवळून पाहू. पेशीच्या आत धोक्याची चाहूल घेणारी काही प्रथिनं असतात. मेंदूच्या आजारांत त्यांतल्या एनएलआरपी३ या प्रथिनाचा खूप अभ्यास झाला आहे. जंतूचा अंश, फुटलेल्या पेशीतून आलेलं एटीपी, पेशीतलं घटलेलं पोटॅशियम असं काही जाणवलं की अशी प्रथिनं एकत्र येऊन एक मोठा संच बांधतात. या संचाला इन्फ्लेमासोम म्हणतात. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथं युर्ग चॉप आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये त्याचं वर्णन केलं. हा संच कॅस्पेज-१ नावाचं विकर जागं करतो आणि ते विकर दोन कामं करतं. इंटरल्यूकिन-१ बीटा आणि इंटरल्यूकिन-१८ ही दाह चेतवणारी द्रव्यं ते तयार करतं, आणि गॅसडर्मिन डी या प्रथिनाचे दोन तुकडे करतं. त्यातला एक तुकडा पेशीच्या आवरणात जाऊन बसतो. असे तीसेक तुकडे कडं करून बसले की आवरणाला साधारण २० नॅनोमीटर रुंदीचं भोक पडतं. त्यातून दाहाची द्रव्यं बाहेर जातात, क्षार आणि पाणी आत शिरतं, पेशी टम्म फुगते आणि शेवटी आवरण फाटतं. हे फाटणंही आपोआप होत नाही. त्यासाठी निंजुरिन-१ हे आणखी एक प्रथिन लागतं, हे २०२१ मध्ये समजलं.

गॅसडर्मिनचं काम २०१५ मध्ये उलगडलं. बीजिंगमधला फेंग शाओ यांचा गट आणि अमेरिकेतला विश्व दीक्षित यांचा गट एकाच सुमाराला तिथं पोचले. दीक्षित हे केनियात जन्मलेले भारतीय वंशाचे वैद्यक संशोधक. पेशीमृत्यूचे हे वेगवेगळे मार्ग एकमेकांत गुंतलेले असतात, एक अडवला की पेशी दुसऱ्या मार्गानं मरू शकते, हे दाखवण्यात तिरुमला-देवी कन्नेगंटी यांचा मोठा वाटा आहे. त्या मूळच्या तेलंगणातल्या, उस्मानिया विद्यापीठात शिकल्या आणि आता अमेरिकेत मेम्फिसला काम करतात. एकच मार्ग बंद करणारं औषध अनेकदा पुरेसं का पडत नाही, याचं एक कारण या कामातून कळतं.

शरीरानं असली यंत्रणा ठेवली तरी कशाला, असा प्रश्न पडेल. ती जंतूंसाठी आहे. पेशीत घुसून लपलेल्या जंतूला फुटणाऱ्या पेशीत आसरा उरत नाही आणि दाहामुळे रोगप्रतिकारक पेशी धावून येतात. आतड्यात किंवा फुप्फुसात हा सौदा परवडतो. मेंदूत तो महाग पडतो. कवटी बंद असल्यामुळे सुजेला जागा मिळत नाही, आणि मेलेल्या चेतापेशींची जागा नव्या पेशी जवळजवळ घेतच नाहीत. मेंदूत हा दाह चेतवण्यात मायक्रोग्लिया या मेंदूच्या स्वतःच्या संरक्षक पेशींचा भाग मोठा असतो.

पहिल्या काही तासांत

पक्षाघातात रक्ताची गुठळी अडकली की मधला भाग लवकर मरतो. त्याच्या भोवती एक पट्टा असा असतो, जिथे रक्त कमी पोचतं पण थोडं पोचतं. तिथल्या पेशी काम करायच्या थांबलेल्या असतात, मेलेल्या नसतात. दुसरा घाव मुख्यतः या पट्ट्यात पसरतो. म्हणून दाह रोखण्याचा सर्वांत मोठा उपाय म्हणजे वाहिनी लवकर उघडणं. अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये केलेला हिशेब प्रसिद्ध आहे. मोठी वाहिनी बंद असेल, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. अल्टेप्लेझ हे त्यातलं जुनं औषध. टेनेक्टेप्लेझ हे दुसरं, ते आपल्याकडे पुण्यातली जेनोव्हा ही कंपनीही बनवते. मोठ्या वाहिनीतली गुठळी मांडीतून नळी घालून ओढून काढण्याचा उपचार २०१५ नंतर जगभर रूढ झाला. निवडक रुग्णांत तो २४ तासांपर्यंतही उपयोगी पडतो. ‘२४ तास आहेत’ असं मात्र कुणी डोक्यात धरू नये. ती सवलत स्कॅनमध्ये वाचवण्याजोगा पट्टा शिल्लक दिसणाऱ्यांसाठीच आहे.

लक्षणं अशी. अचानक तोल जाणं, एका किंवा दोन्ही डोळ्यांना दिसेनासं होणं, तोंड एका बाजूला ओढलं जाणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं जड होणं किंवा समोरच्याचं बोलणं न समजणं. यांपैकी एक जरी दिसलं, तरी वाट पाहू नका. १०८ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं निघा. सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेल्या रुग्णालयातच थेट न्या. आधी ओळखीच्या दवाखान्यात, तिथून तालुक्याला, तिथून शहरात अशा फेऱ्यांत साडेचार तास सहज निघून जातात.

निघताना चार गोष्टी सोबत हव्यात. माणूस शेवटचा ठीकठाक कधी दिसला ती वेळ, चालू गोळ्यांची पाकिटं, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का याची माहिती आणि घरात ग्लुकोमीटर असेल तर साखरेचा आकडा. शेवटच्या वेळेबाबत एक सांगायला हवं. सकाळी उठल्यावर लकवा दिसला, तर ‘सहाला झालं’ असं सांगू नका. रात्री किती वाजता ते नीट बोलून झोपले, ती वेळ सांगा.

आता काय करू नये ते. बीपी जास्त दिसलं म्हणून घरी जिभेखाली गोळी देऊ नका. अडकलेल्या वाहिनीपलीकडच्या पट्ट्यात जे थोडं रक्त पोचतंय, ते त्या वाढलेल्या दाबावरच पोचतंय. दाब एकदम पडला की पट्टा मरतो. अ‍ॅस्पिरिनही घरी देऊ नका, कारण मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कुणालाही कळत नाही. पाणी, चहा, साखर काहीही तोंडात घालू नका. आणि अंगावरून वारं गेलं म्हणून पारव्याचं रक्त चोळण्याची, माणसाला अमुक गावी औषध पाजायला नेण्याची जी पद्धत आजही आपल्याकडे आहे, ती सोडून द्या. आठवडाभरानं मसाज करून घेतलात तर कुणी हरकत घेणार नाही. पण पहिला दिवस गेला की तो परत मिळत नाही.

वॉर्डातले दिवस

दुसरा घाव याच दिवसांत पसरतो, आणि घरच्यांनी शिकून घ्यावं असं सर्वांत जास्त इथंच आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये १९ स्ट्रोक युनिटमध्ये एक अभ्यास झाला आणि २०११ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कुठलंही नवं औषध नव्हतं. नर्सनी तीन गोष्टींवर काटेकोर लक्ष ठेवायचं होतं, ताप, साखर आणि गिळणं. असं केलेल्या गटात तीन महिन्यांनी मृत्यू आलेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण ४२ टक्के होते, नेहमीच्या पद्धतीच्या गटात ५८ टक्के. दाह शमवण्याच्या कित्येक महागड्या प्रयोगांना जे जमलं नाही, ते तीन साध्या सवयींनी केलं. मला हा आकडा प्रत्येक रुग्णालयाच्या भिंतीवर लावावासा वाटतो.

आधी ताप. घायाळ मेंदूला ताप सोसत नाही. त्यानं पेशींची ऊर्जेची भूक वाढते आणि दाहही वाढतो. त्या अभ्यासात ३७.५ अंश सेल्सियस, म्हणजे ९९.५ फॅरनहाइट, इतक्यालाच ताप समजून पॅरासिटामॉल दिलं जाई. आपल्याकडे या आकड्याला ‘जरा कणकण आहे’ म्हणतात आणि सोडून देतात. पक्षाघाताच्या पहिल्या दिवसांत असं करू नका. नर्सना सांगा. ताप उतरवण्याइतकंच तो का आला हे शोधणं महत्त्वाचं असतं. छातीत कफ आहे का, लघवीच्या नळीमुळे संसर्ग झाला का, सलाइनची जागा लाल आणि गरम आहे का. लघवीची नळी घातली असेल तर ‘ती अजून लागते का’ असं डॉक्टरांना रोज विचारा. पक्षाघातानंतर काही काळ रोगप्रतिकारशक्ती मंदावते, त्यामुळे हे संसर्ग चटकन होतात. संसर्ग छातीत झाला तरी त्याचे दाहकारक संदेश रक्तातून मेंदूपर्यंत जातात.

साखर फार वाढली की नुकसान वाढतं, हे खरं. पण ती इन्शुलिन देऊन अगदी खाली आणण्यानंही फायदा होत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत ८० ते १३० च्या दरम्यान साखर धरून ठेवलेल्या रुग्णांची प्रकृती इतरांपेक्षा चांगली झाली नाही. साखर घातक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रसंग मात्र त्यांच्यात वाढले. तेव्हा १५०-१६० दिसलं म्हणून घाबरून भांडू नका, आणि भेटायला येताना फळांचा रस, पेढे, ग्लुकोजची पावडरही आणू नका.

आणि गिळणं. लकव्यात घशाचे स्नायू दुबळे होतात आणि पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं. कित्येकदा ठसकाही लागत नाही, म्हणून घरच्यांना ते कळत नाही. दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो. म्हणून गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडानं घोटभरही नको, मग म्हातारी आई पाण्यासाठी कितीही विनवू दे. नर्स किंवा थेरपिस्ट रुग्णाला सरळ बसवतात, चमच्यानं थोडं पाणी देतात, गिळताना कंठ वर जातो का ते बोटांनी बघतात, मग ‘आ’ म्हणायला लावतात. आवाज ओला, घोगरा आला तर पाणी चुकीच्या वाटेला गेलं असं समजतात.

तोंडानं द्यायला परवानगी मिळाल्यावरही भरवण्याची एक रीत आहे. पाठीला उशा लावून पूर्ण बसवा, पडल्या पडल्या भरवू नका. हनुवटी किंचित खाली असू द्या. चमचा लहान घ्या आणि चांगल्या बाजूनं घाला. एक घास गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा द्या. पातळ आमटी आणि पाणी सर्वांत धोक्याचं असतं. मऊ भात, घट्टसर पेज, दाट दही सहसा सोपं जातं, तरी किती दाट हवं ते थेरपिस्टलाच ठरवू द्या. जेवण झालं की दुबळ्या बाजूच्या गालात घास साठलाय का ते पाहा, तोंड पुसून दात घासा आणि अर्धा तास तरी बसलेलंच राहू द्या. भरवताना टीव्ही बंद ठेवा, रुग्णाशी गप्पाही मारू नका. हे सगळं घरी गेल्यावरही करायचं आहे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. मोठ्या पक्षाघातात मेंदूची सूज सहसा दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सर्वांत जास्त असते. फुटणाऱ्या पेशी आणि त्यांनी चेतवलेला दाह यांमुळे रक्तवाहिन्यांची संरक्षक भिंत गळू लागते आणि पाणी मेंदूत उतरतं. तेव्हा गुंगी वाढली तर लगेच सांगा आणि नेमकं विचारा: सूज आहे, रक्तस्राव झालाय, संसर्ग आहे, सोडियम कमी झालंय की फिट येऊन गेली? प्रत्येकाचा इलाज वेगळा. मधल्या मोठ्या वाहिनीच्या पक्षाघातात सूज जीवघेणी होईल असं दिसलं, तर न्यूरोसर्जन कवटीचं हाड तात्पुरतं काढून सुजेला जागा करून देतात. युरोपातल्या तीन चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण २००७ मध्ये आलं. साठीपर्यंतच्या रुग्णांत ४८ तासांच्या आत ही शस्त्रक्रिया केली तर वर्षानंतर ७८ टक्के जगले होते, न केलेल्यांत २९ टक्के. जगलेल्यांपैकी काहींना मोठं अपंगत्व राहतं, हेही डॉक्टर सांगतील. घरच्यांना निर्णय घ्यायला फार थोडा वेळ मिळतो, म्हणून पहिल्याच दिवशी विचारून ठेवा: ‘सूज वाढली तर पुढं काय?’

स्टेरॉइड: कुठे जीव वाचवतं, कुठे घेतं

दाह आहे तर दाह दाबणारं सर्वांत जोरकस औषध द्या, असं कुणालाही वाटेल. डॉक्टरांनाही वाटलं होतं. डोक्याला मार लागलेल्यांना स्टेरॉइड देण्याची पद्धत कित्येक वर्षं होती. अखेर क्रॅश नावाची चाचणी झाली, १०,००८ रुग्णांची. २००४ मध्ये निष्कर्ष आला. स्टेरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांत २१ टक्के दगावले, न दिलेल्यांत १८ टक्के. पक्षाघातात दाह दाबण्यासाठी पांढऱ्या पेशींना मेंदूत शिरण्यापासून अडवणारं एन्लिमोमॅब हे प्रतिपिंड वापरून पाहिलं गेलं. २००१ मधला निष्कर्ष असा की औषध घेणाऱ्यांची अवस्था जास्त वाईट झाली, संसर्ग आणि तापही वाढले. तेव्हा अपघातात डोक्याला मार लागलेल्या किंवा लकवा झालेल्या आपल्या माणसाला ‘स्टेरॉइड का देत नाही’ म्हणून डॉक्टरांवर दबाव आणू नका. ते न देण्यामागे पुरावा आहे.

क्षयाच्या मेनिंजायटिसचं उलट आहे. हा आजार आपल्या देशात आजही पुष्कळ दिसतो, आणि त्यात मेंदूचं बरंचसं नुकसान जंतूइतकंच दाहानं होतं. व्हिएतनाममध्ये गाय थ्वेट्स आणि सहकाऱ्यांनी ५४५ रुग्णांवर केलेली चाचणी २००४ मध्येच प्रसिद्ध झाली. क्षयाच्या औषधांबरोबर डेक्सामेथासोन दिलेल्यांत मृत्यूचं प्रमाण ३२ टक्के होतं, न दिलेल्यांत ४१ टक्के. हे स्टेरॉइड काही आठवडे दिलं जातं आणि डोस हळूहळू उतरवत नेतात. इथं घरचे दोन गोष्टी करून बसतात. ‘स्टेरॉइड वाईट असतं’ असं कुणी सांगितलं म्हणून गोळ्या मध्येच बंद करतात. किंवा क्षयाची औषधं सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत डोकेदुखी, ताप पुन्हा वाढला, तर औषधच लागू पडत नाही असं समजून डॉक्टर बदलतात. मरणाऱ्या जंतूंमुळे दाह तात्पुरता उसळणं या आजारात माहीत असलेली गोष्ट आहे. त्याच डॉक्टरांकडे त्याच दिवशी परत जा, औषध मात्र एक दिवसही चुकवू नका.

यावरून लक्षात येईल की ‘दाह’ हा एकच शब्द असला तरी त्याचा इलाज एक नाही. कोणता आजार, आजाराचा कितवा दिवस आणि सोबत संसर्ग आहे का, यावर तेच औषध तारक किंवा मारक ठरतं.

वर्षानुवर्षांचे आजार

अल्झायमर, मल्टिपल स्क्लेरोसिस (चेतातंतूंच्या आवरणाचा आजार), एएलएस (हालचाल घडवणाऱ्या चेतापेशींचा आजार) या आजारांत दाहक पेशीमृत्यू संथपणे, वर्षानुवर्षं चालतो. जर्मनीत बॉन इथं मिखाएल हेनेका यांच्या गटानं २०१३ मध्ये दाखवलं की अल्झायमरसारखा विकार असलेल्या उंदरांत एनएलआरपी३ नसेल, तर त्यांची स्मृती बरीच टिकते. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांच्या मेंदूत गॅसडर्मिन डीच्या खुणा सापडल्या आहेत. माणसातला सर्वांत स्पष्ट पुरावा एका दुर्मीळ जन्मजात आजारातून येतो. एनएलआरपी३च्या जनुकातच दोष असलेल्या या बाळांना ताप, पुरळ, मेंदूच्या आवरणांचा कायमचा दाह आणि बहिरेपण येतं. इंटरल्यूकिन-१ला अडवणाऱ्या अ‍ॅनाकिन्रा या इंजेक्शननं ती लक्षणीय सुधारतात. म्हणजे यंत्रणा खरी आहे. पण त्या बाळांत ती एकटीच दोषी असते, अल्झायमरमध्ये ती अनेकांतली एक.

मल्टिपल स्क्लेरोसिससाठी डायमिथाइल फ्युमरेट ही गोळी दिली जाते. २०२० मध्ये असं आढळलं की ती गॅसडर्मिन डीलाही निकामी करते. ही गोळी चालू असणाऱ्यांनी रक्तातल्या लिम्फोसाइट पेशींची तपासणी डॉक्टर सांगतील त्या अंतरानं करून घ्यावी. बरं वाटतंय म्हणून गोळी थांबवू नये. दारू सोडवण्यासाठीचं डायसल्फिरामही प्रयोगशाळेत गॅसडर्मिनची भोकं अडवतं. ते वाचून कुणी मेंदूसाठी ते घ्यायला लागू नये. दारूबरोबर ते पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं.

अल्झायमरच्या भीतीनं रोज वेदनाशामक गोळी घेणारे लोकही आहेत. नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब वापरून सत्तरीच्या पुढच्या लोकांवर केलेली मोठी अमेरिकन चाचणी सुरक्षिततेच्या कारणावरून २००४ मध्ये थांबवली गेली. या गोळ्यांनी आजार टळल्याचं दिसलं नाही. मूत्रपिंड आणि जठराची हानी मात्र खरी असते. एएलएसमध्ये मिनोसायक्लिनकडून आशा होती. २००७ मध्ये कळलं की ते घेणाऱ्यांची प्रकृती जास्त वेगानं खालावली. नेक्रॉप्टोसिससाठी लागणाऱ्या आरआयपीके१ या प्रथिनाला अडवणारं नवं औषधही २०२४ मध्ये एएलएसच्या चाचणीत अपयशी ठरलं. संशोधन चालू राहील, राहायलाच हवं. पण प्रयोगशाळेत उंदीर बरा झाल्याची बातमी म्हणजे तुमच्या आईसाठीची चिठ्ठी नव्हे.

या आजारांत आज हाती असलेली शिदोरी साधी आहे. स्मृतिभ्रंशावरच्या लॅन्सेट आयोगानं २०२४ मध्ये म्हटलं की जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश १४ बदलता येण्याजोग्या कारणांशी जोडलेले आहेत. रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, तंबाखू, डोक्याचा मार, ऐकू न येणं, एकटेपणा ही त्यातली काही. हेल्मेट आणि कानाचं यंत्र हे मेंदूचे उपचार आहेत, असं समजून वागा.

पैसे मागणारी आशा

हळदीच्या कॅप्सूलपासून सुरुवात करतो, कारण घरोघरी तीच पोचली आहे. आमटीतली हळद खात राहा. कर्क्युमिनच्या कॅप्सूलनं अल्झायमर सुधारतो, असं रुग्णांवरच्या चाचणीत दिसलं नाही. मोठ्या मात्रेच्या कॅप्सूलमुळे काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर त्या घेतल्यास रक्तस्रावाचा धोकाही वाढू शकतो. गुठळीमुळे पक्षाघात झालेला जवळजवळ प्रत्येक माणूस अशी एखादी गोळी घेत असतो. ‘आयुर्वेदिकच आहे’ म्हणून न सांगता काही सुरू करू नका. डॉक्टरांना दाखवायच्या यादीत तेही लिहा.

स्टेम सेलचं दुकान जास्त गंभीर आहे. ‘मेंदूतला दाह कमी होतो’ असं सांगून लाखो रुपये घेतले जातात. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या आणि तत्संबंधी आजारांतलं मान्यताप्राप्त प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. म्हणून एक कसोटी लक्षात ठेवा. ‘प्रयोग आहे’ असं सांगून कुणी तुमच्याकडून औषधाचे पैसे मागत असेल, तर तिथून उठा.

खऱ्या चाचणीत भाग घ्यायचा असेल तर जरूर घ्या. ती भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नोंदलेली असते आणि ही नोंद कुणालाही ऑनलाइन पाहता येते. संमतिपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवं. ते घरी नेऊन वाचायला वेळ मिळायला हवा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९च्या नियमांत आहे. केव्हाही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. विचारायचे प्रश्न थोडे: औषध माणसांत याआधी दिलंय का, संसर्गाचा धोका किती वाढतो, आणि मध्यरात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा. संसर्गाचा प्रश्न टाळू नका. दाह दाबणारं औषध शरीराची राखणही कमी करू शकतं.

हे सगळं वाचून एकच काम करणार असाल, तर ते असं करा. घरात रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी घेणारं कुणी असेल, तर सीटी स्कॅन आणि गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन या दोन्हींची सोय चोवीस तास असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, ते आज फोन करून विचारा. सरकारी योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या. मग तो क्रमांक १०८च्या खाली, शाळेतल्या मुलालाही वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात लिहून दारामागे लावा.